गप्प बसवलेल्या तक्रारी

माळ्यावरचा माठ खाली काढला, घासून धुतला, त्यात वाळ्याची जुडी टाकली, की दोन-चार दिवसांत ते पत्र येतंच. यंदाही आलं. पत्र कसलं, ईमेल. आणि तीही माणसाने लिहिलेली नाही, यंत्राने. नव्या कंपायलरने सगळी पॅकेजं पुन्हा बांधून पाहिली, तुमच्या नावावरची पुढील तीन बांधली गेली नाहीत. खाली तीन नावं. त्याखाली एक तारीख, तोवर दुरुस्ती झाली नाही तर ही नावं यादीतून निघतील. वर नमस्कार नाही, खाली कळावे नाही, लोभ असावा तर नाहीच नाही.

सकाळचे सात वाजले होते. आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं पहाटेपासून तिथे येऊन बसतात. दाराबाहेर साठ-सत्तर जोड चपला आणि आतून एक शब्द ऐकू येत नाही. मी गॅलरीतून त्या चपलांकडे बघत उभी राहिले आणि मला तेच झालं जे दर वर्षी होतं. शाळेत गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, स्वतः पोरांच्या परीक्षा घेणाऱ्या बाईला हे होऊ नये, पण होतं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. थोडक्यातच, कारण घरच्यांना विस्ताराने सांगून काय होतं ते मी पाहिलेलं आहे. संगणकाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, ती जगभरची माणसं हौसेने चालवतात. तिच्यात प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारी हजारो लहानमोठी अवजारं असतात. अवजार कुणा एकाने लिहिलेलं असतं आणि दुसरंच कुणी त्याचं नीट गाठोडं बांधून यादीत ठेवतं, म्हणजे कुणालाही ते एका दमात मिळावं. ते गाठोडं म्हणजे पॅकेज. मी ती बांधणारी. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. तो दर वर्षी नवा येतो, ज्या लायब्रऱ्यांच्या, म्हणजे तयार मजकुराच्या साठ्यांच्या, आधाराने अवजार उभं असतं त्याही बदलतात, आणि काल सुखाने बांधलं गेलेलं गाठोडं आज बांधलं जात नाही. आपण त्यात अक्षरही बदललेलं नसतं. हेच खरं दुखणं आहे. आपण जागचे हललो नाही आणि तरी चुकलो.

मी यात पडले ती हात दाखवून अवलक्षण म्हणतात तशी. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोप्रोसेसर शिकवायला ‘पाटी’ नावाचं एक छोटं टूल वापरतात. पुणेरी पाटीशी त्याचा संबंध नाही. ते कुणाचा अपमान करत नाही. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम ते पडद्यावर एकेक पाऊल चालवून दाखवतं, कुठल्या खान्यात कुठला आकडा गेला, कुठून कुठे उडी मारली, सगळं. चौदा वर्षांपूर्वी मी त्या प्रणालीच्या लोकांना तक्रार लिहिली की एवढं उपयोगी टूल तुमच्या यादीत नाही, हे बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी एका सभ्य परदेशी गृहस्थाचं उत्तर आलं, की आपली सूचना उत्तम आहे, आपणच का नाही ते काम घेत? या मंडळींत रीतच आहे ती. जो बोलेल त्याच्या गळ्यात. मी ‘घेते’ असं कळवलं आणि त्या एका शब्दात मी अडकले.

पुढे एकाची सात झाली. सांभाळणारा सोडून गेला की त्या पॅकेजला ‘अनाथ’ म्हणतात, आणि अनाथांची यादी सर्वांना दिसेल अशी लावलेली असते. त्या यादीकडे बघून गप्प बसणं मला जमलं नाही. माझा नवरा मिलिंद तेव्हापासून मला अधूनमधून विचारतो, आश्रमात आज जेवायला काय आहे. तो बँकेत आहे. त्याचं काम संध्याकाळी संपतं, आणि संपलेलं काम दुसऱ्या वर्षी उठून ‘तू मला केलंच नव्हतंस’ असं म्हणत नाही. मला त्याचा हेवा वाटतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पत्र आलं की मला तो एकच उन्हाळा आठवतो. त्या वर्षी फाल्गुनातच ऊन चढलं होतं. कॉलेजच्या फाटकाजवळच्या पांगाऱ्याची फुलं खाली पडून डांबराला चिकटत होती, रसवंतीचे घुंगरू सकाळी दहापासून वाजत होते. आणि त्या वर्षीचा कंपायलर कडक झाला होता. आधीचे कंपायलर काही गोष्टींबद्दल नुसती कुरकुर करायचे. ‘हे बरोबर दिसत नाही, पण असू द्या’ असं म्हणून पुढे जायचे. नव्याने ठरवलं की असू द्यायचं नाही. कुरकुरीच्या जागी नकार आला. पाटीत अशा शंभरावर जागा निघाल्या.

पाटी लिहिली केळकर सरांनी. संरक्षण खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि खडकीतच स्थायिक झाले. तेव्हा ते एकोणऐंशीचे होते. तीस वर्षांपूर्वी त्यांनी पाटी लिहिली ती शेजारच्या मुलांना शिकवता यावं म्हणून, आणि तेव्हाच्या रीतीने लिहिली. त्या रीतीत एखाद्या कामाला, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला, हाक मारताना ते काम उत्तरादाखल काय परत देणार, हे आधी जाहीर करायची गरज नसे. कंपायलर समजून घ्यायचा, की साधा आकडा असेल. बहुतेक वेळा असायचाही. योग्य मार्ग एकच होता: एकेका जागेवर जायचं, इथे तुम्हाला काय अभिप्रेत होतं ते सरांना विचारायचं आणि तसं लिहून टाकायचं. सरांनी सगळ्या तक्रारींची छापील यादी मागवून घेतली. प्रत्येकीपुढे लाल पेन्सिलीने खूण करायची असं त्यांनी ठरवलं.

म्हणून दर रविवारी सकाळी मी स्कूटरवरून खडकीला जाऊ लागले. सरांच्या बैठकीच्या खोलीत जाड पडदे, कूलरच्या ताट्यांचा ओला वास, टेबलावर तो पंधरा पानी गठ्ठा. काकू ताक आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. सर एक तक्रार वाचायचे, डोळे मिटायचे आणि ती ओळ त्यांनी कधी लिहिली, का लिहिली, त्या वेळी कोण शेजारी राहायचं, त्यांचा मुलगा आता कुठे असतो, इथपर्यंत सगळं सांगायचे. मग खूण. दोन तासांत चार-पाच खुणा व्हायच्या. मी घड्याळाकडे पाहते हे त्यांच्या लक्षात यायचं. एकदा म्हणाले, गाडी चुकणार आहे का तुमची? मी नाही म्हटलं आणि खाली बघितलं.

गाडी नव्हती, पण तारीख होती. आणि माझ्या डोक्यावर परीक्षाही होत्या. प्रॅक्टिकलची परीक्षा पाटीवरच व्हायची, प्रयोगशाळेची यंत्रं नव्या आवृत्तीवर आणायचा हुकूम वरून आलेला, आणि नव्या आवृत्तीत पाटी बांधली जात नव्हती. सकाळी अभ्यासिकेच्या चपला ओलांडून बाहेर पडायचं, दिवसभर जर्नलं तपासायची, घरी आल्यावर पडद्यावर कंपायलरच्या लाल अक्षरांच्या याद्या. कुठेही पाहिलं तरी कुणाचं तरी काहीतरी माझ्याकडून राहिलेलं. चैत्र लागला, मिलिंद मार्केट यार्डातून हापूसची पेटी घेऊन आला, घरभर गवत आणि आंब्यांचा वास पसरला, आणि मला रडू आलं. मिलिंदला वाटलं पेटी खराब निघाली.

अडतिसाव्या खुणेनंतर मी ते केलं. आमच्यात सगळेच करतात. कंपायलरला सूचना देता येते, की बाबा रे, तुझं कडक वागणं या एका पॅकेजपुरतं बाजूला ठेव, पूर्वीसारखं चालू दे आणि कुरकुरही करू नको. एका ओळीची सूचना आहे. ती टाकली की उरलेल्या सगळ्या तक्रारी एका क्षणात गप्प. मी ती ओळ टाकली. पाटी बांधली गेली, हिरवी खूण आली. बदलांच्या नोंदीत लिहिलं, नव्या कंपायलरसाठी दुरुस्ती केली. दुरुस्ती हा शब्द लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही.

सरांना फोन केला. झालं म्हणून सांगितलं.

“सगळं?” त्यांनी विचारलं.

“सगळं, सर.”

ते म्हणाले, फार झपाट्याने केलंत, मला वाटलं होतं दिवाळी उजाडेल. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि जरासा हिरमोडही. रविवार रिकामे झाले होते. मला मात्र हायसं वाटलं. कूलरच्या त्या ओल्या वासातून आपण सुटलो असं वाटलं.

प्रॅक्टिकलच्या दिवसाची आमच्याकडे एक पद्धत आहे. बाहेरून परीक्षक येतात. अंतर्गत परीक्षक म्हणजे मी. कागदोपत्री आमचा अधिकार सारखा, प्रत्यक्षात माझं काम त्यांची सरबराई. आल्याबरोबर चहा, अकरा वाजता पोहे, एकला जेवण, आणि त्यांची परतीची बस चुकू नये म्हणून साडेतीनला गुणपत्रक तयार. मुलं वाटीतून चिठ्ठी उचलतात, चिठ्ठीत प्रश्न असतो, दोन तासांत प्रोग्राम लिहायचा, चालवून दाखवायचा. पडद्यावर उत्तर आलं तर गुण. नाही आलं तर वहीत कितीही सुंदर लिहिलेलं असो, बाहेरचे परीक्षक भुवई वर करतात.

अश्विनी त्या वर्षाच्या तुकडीत होती. वाशिम जिल्ह्यातली मुलगी, दोघींत एक खोली घेऊन राहायची, फारसं बोलायची नाही. पहिल्या बाकावर कधी बसली नाही, पण जर्नल कधी उशिरा दिलं नाही. तिच्या चिठ्ठीत तापमानाचे आकडे क्रमाने लावायचा प्रश्न आला. बाकीच्यांनी अशा प्रश्नाला दहा आकडे घेऊन काम भागवलं असतं. हिने वर्षभराच्या प्रत्येक तासाचे आकडे मावतील असा भलामोठा तक्ता केला. प्रश्नात तसं लिहिलं होतं आणि तिने प्रश्न वाचला होता.

अकरा वाजता पोहे आले. पोहे गार झाले होते म्हणून मी शिपाईमामांशी बोलत होते. मागून अश्विनीने हाक मारली. टूल बंद पडतंय म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा चालवून बघ. पाच मिनिटांनी तिने पुन्हा हाक मारली.

“मॅडम, माझा प्रोग्राम बरोबर हाये. ते टूलच बंद पडून राहिलं.”

“टूल चुकत नसतं अश्विनी, आपण चुकतो. शोध नीट.”

वर्षानुवर्षं म्हणत आलेलं वाक्य आहे ते. दर वर्षी निदान वीस मुलांना मी ते ऐकवलेलं आहे आणि दर वर्षी ते खरं ठरलेलं आहे. बाहेरचे परीक्षक हसले. तिने आणखी तासभर शोधलं. तिच्या प्रोग्राममध्ये सापडण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी परीक्षकांनी तिच्या पडद्यावर नजर टाकली, उत्तर नव्हतं. पन्नासपैकी अठरा दिले. पास व्हायला वीस लागतात. मी शेजारी सही केली. साडेतीनच्या आत गुणपत्रक तयार होतं.

दोन दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, मी तिचा प्रोग्राम घरी आणून चालवला. का चालवला ते मला सांगता येत नाही. चांगल्या मनाने केलं असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे तिचा आवाज कानात राहिला होता आणि तो घालवायचा होता. पाटी उघडली, आकडे घेऊ लागली आणि मेली. मी तक्ता लहान केला. चालली. मोठा केला, मेली.

मग मी ती सूचनेची ओळ काढली, कंपायलरला पुन्हा बोलायची मुभा दिली आणि सरांच्या त्या यादीचा न वाचलेला भाग वाचायला बसले. एकाहत्तरावी तक्रार. मेमरीतली जागा मागणारं एक काम होतं, ते जागेचा पत्ता परत द्यायचं. पण तसं कुठे जाहीर केलेलं नसल्यामुळे पत्त्याचा अर्धाच भाग ठेवला जात होता. पुण्यात नुसतं घर क्रमांक ४१२ लिहून पेठ लिहिली नाही तर काय होईल? पोस्टमन ओळखीचा असेल आणि पत्र त्याच पेठेतलं असेल तर पोचेल. लहान प्रोग्रामला जागा जवळची मिळायची, अर्धा पत्ताही पुरायचा. मोठ्याला लांबची मिळायची, आणि पाटी भलत्याच दारात जाऊन आपटायची. तीस वर्षं कुणी एवढा मोठा तक्ता केला नव्हता. कंपायलर मात्र सांगत होता. आधी कुरकुरून सांगत होता, त्या वर्षी ओरडून सांगत होता, फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक देऊन. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

खाली अभ्यासिका, वर पंखा, बाहेर कोकिळा. मला लाज वाटली. इतकी, की खोलीत कुणी नसताना मी पदर सारखा केला.

त्यानंतर पूर्ण एक दिवस मी काहीही केलं नाही, हेही सांगायला हवं. त्या दिवशी मी साखरआंबा केला. कैऱ्या किसताना डोक्यात सारखं तेच. बोलले, तर मला लिहून द्यावं लागेल की जे टूल मीच सांभाळते, ज्यावर मीच परीक्षा घेतली, ते सदोष होतं आणि मला ते कळायला हवं होतं. उरलेल्या तक्रारींत अशी आणखी किती दुखणी असतील कुणास ठाऊक, म्हणून पाटी यादीतून काढावी लागेल. तारीख आठ दिवसांवर आलेली, उरलेल्या साठ-सत्तर जागा आठ दिवसांत नीट होणार नाहीत, आणि यादी एकदा बंद झाली की पुढची दोन वर्षं उघडणार नाही. सर एकोणऐंशीचे. न बोलले, तर अश्विनी नापास. तिच्या वर्गासाठी एक कंपनी येणार होती. एका जरी विषयात नापास असलेल्या मुलांची नावं आम्ही त्यांना पाठवत नाही. तो नियम ठरवणाऱ्या समितीत मी होते. कुठल्याही बाजूला गेलं तरी भिंत, आणि प्रत्येक भिंतीवर माझीच सही.

संध्याकाळी मी मिलिंदला सगळं सांगितलं. मला वाटलं काहीतरी खवचट बोलेल. तो बरणीचं झाकण लावत म्हणाला, “तू ज्याअर्थी मला सांगतेयस त्याअर्थी तुझं ठरलेलं आहे.”

दुसऱ्या दिवशी खडकीला गेले. सरांनी ओळखलं होतं, रविवार नसताना आले म्हणजे काहीतरी आहे. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. शेवटी म्हणाले, त्या मुलीचा प्रोग्राम दाखवा. मी छापून नेला होता. भिंग घेऊन त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वीस मिनिटं तरी लागली असतील. मग भिंग खाली ठेवलं.

“किती नीट लिहिलंय हो हिने,” ते म्हणाले. “ओळ काढा ती तुमची.”

मी म्हटलं, काढली तर पाटी बांधली जाणार नाही, सर. यादीतून जाईल. दोन वर्षं कुणाला मिळणार नाही.

“जाऊ दे की. अहो बाई, तक्रार करणाऱ्याला तुम्ही गप्प बसवलंत. तक्रार होती तिथेच राहिली.”

एवढंच बोलले. एरवी ते मला फाटकापर्यंत सोडायला यायचे, माझी स्कूटर सुरू होईपर्यंत उभे राहायचे. त्या दिवशी खुर्चीतून उठले नाहीत. काकू आल्या. मला सरांच्या रागावण्यापेक्षा ते न उठणं जास्त लागलं, आणि परत येताना पुलावर गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

मी माझ्याच पॅकेजविरुद्ध, माझ्याच नावाने, सर्वांना दिसेल अशी तक्रार नोंदवली आणि ते यादीतून काढण्याची विनंती केली. कॉलेजला पत्र दिलं, त्यात काही झाकलं नाही. बाहेरच्या परीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, पाठवा कागद, सही करतो. फेरपरीक्षा मंजूर झाली. मंजूर व्हायला साडेतीन आठवडे लागले. त्या आधीच कंपनीला यादी गेली होती. मी दोनदा वरपर्यंत जाऊन आले. नियम म्हणजे नियम, मॅडम, तुम्हीच तर केलाय, असं मला हसून सांगण्यात आलं. अश्विनीला पुढे नोकरी लागली, चांगली लागली, पुण्यातच. एक वर्ष उशिरा. ते वर्ष तिने कसं काढलं मला माहीत नाही, आणि विचारण्याचा हक्क मला आहे असंही वाटत नाही.

पाटी दोन वर्षांनी यादीत परत आली. सरांची यादी संपेपर्यंत दर रविवारी मी खडकीला गेले. एकोणचाळीसपासून पुढे. सर पुन्हा फाटकापर्यंत येऊ लागले, पण ते बऱ्याच खुणांनंतर. आता त्यांना दिसत नाही. दर वर्षीच्या नव्या तक्रारी मी वाचते, ते डोळे मिटून ऐकतात, शेजाऱ्याच्या मुलापर्यंत जातात, परत येतात. मी घड्याळ पर्समध्ये ठेवते.

यंदाच्या तीन नावांतही पाटी आहे. पडद्यावर खाने काढून देणारी लायब्ररी बदलली, म्हणून. परवा मिलिंदने जेवताना सरळ विचारलं, सोडत का नाहीस? सोडायला तीन ओळींची सूचना पुरते. ती मी लिहूनही ठेवलेली आहे, चार वर्षं मसुद्यात पडून आहे. मी त्याला म्हटलं, मी सोडलं तर दुसरं कुणी घेईल. घेईल तो चांगलाच माणूस असेल, दमलेला असेल, त्याच्याही डोक्यावर परीक्षा असतील. तो पहिल्या उन्हाळ्यात काय करेल ते मला ठाऊक आहे. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मिलिंदने आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, म्हणजे जन्मठेप. मी हो म्हटलं. तो गंमत करत होता, मी नव्हते. कधीकधी या सात गाठोड्यांचा मला इतका राग येतो की वाटतं उठावं आणि ती सूचना पाठवून द्यावी. मग मी लाल अक्षरं वाचायला बसते. पहिली तक्रार, दुसरी तक्रार. एकही ओलांडायची नाही. मान दुखते, आणि मला यातून सुटका हवी आहे, हेही तितकंच खरं आहे.

अश्विनीच्या फेरपरीक्षेला प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. ती, दुसऱ्या विभागाचे एक परीक्षक आणि मी. भर दुपार होती, खिडक्यांना ओले पडदे लावले होते. ती एकाहत्तरावी जागा मी नीट करून ठेवली होती. तिने तोच प्रोग्राम पुन्हा लिहिला, तोच मोठा तक्ता. मी तिच्यामागे स्टूल घेऊन पूर्ण दोन तास बसले. पाटी चालली. आकडे एकामागून एक क्रमाने लागत गेले, सगळ्यात थंड तासापासून सगळ्यात गरम तासापर्यंत. परीक्षकांनी सेहेचाळीस दिले आणि ते चहाला गेले.

ती दप्तर भरत होती. मी तिला म्हटलं, अश्विनी, माझी चूक झाली, मला माफ कर. हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं.

तिने दप्तराची चेन लावली. “तुम्ही पत्र दिलं मॅडम, ते बरं केलं. दुसऱ्या कोणी दिलं नसतं,” ती म्हणाली. मग आवाज न चढवता: “पण त्या दिवशी मी दोनदा बोलावलं ना तुम्हाला. तुम्ही एकदाही माझ्या स्क्रीनकडे पाहिलं नव्हतं.”

मला पोहे आठवले, शिपाईमामा आठवले, परीक्षकांचं हसणं आठवलं. तिचा पडदा आठवेना. तो मी पाहिलेलाच नव्हता.

“नव्हतं पाहिलं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, दाराबाहेर चपला घातल्या आणि ती उन्हात गेली.